चार नंबरचा लंगडा ठोका

२ फेब्रुवारी, रविवार

सापडला! बँडसाठी सात वर्षं आम्ही शोधत होतो तो ठोका दादाच्या कारखान्यात निघाला — आणि मी मूर्ख शहरभर पंखे नि लिफ्ट ऐकत फिरत होते!

दादा राहिलेलं काम उरकायला सुट्टीचा गेला होता. डबा घरीच विसरला, म्हणून वहिनीने मला पिटाळलं. बाकी मशीन बंद, एकटं चार नंबर चालू. पत्रा सरकवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरून लोखंडी ठोकळा येतो, पत्र्याला भोक पाडतो आणि वर जाऊन थांबतो. थांबायला हवा. चार नंबरचा वर जाऊन जरा घसरतो, मग थांबतो. धाड — टक. धाड — टटक. दरवेळी थोडा वेगळा. अंगावर सर्रकन काटा आला.

"क्लच गेलाय त्याचा," दादा म्हणाला. "उद्या मिस्त्रीला सांगतो."

"सांगू नकोस!" मी किंचाळलेच. "आठवडाभर थांब. रेकॉर्ड करायचाय."

दादाने कपाळावर हात मारला. "लोक गाणी रेकॉर्ड करतात ग."

पण हो म्हणाला. तो मला कधी नाही म्हणालाय?

३ फेब्रुवारी

टकलूला फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकवलं. टकलू म्हणजे आमचा गायक. गातो म्हणणं धाडसाचं आहे — ओरडतो आणि पत्रे बडवतो. दिवसा चष्म्याच्या दुकानात बसून लोकांना "आता खालची ओळ वाचा" सांगतो. त्याने तीनदा ऐकलं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत चक्क नाचला.

बँडमध्ये आता आम्ही दोघंच. बेस गिटारवाला लग्न झाल्यावर "येतो रे पुढच्या आठवड्यात" म्हणाला, त्याला दीड वर्ष झालं. सुरुवातीला नुसते डबे बडवायचो. मग मी जुना संगणक घेतला, आवाज कापायला-जोडायला शिकले आणि नियम ठरला: विकतचा आवाज वापरायचा नाही, आजारी यंत्रं शोधायची. धडधाकट यंत्र कुठेही जा, सारखंच वाजतं. आजारी यंत्राचं कण्हणं त्याचं एकट्याचं असतं. म्हणून बँडचं नाव 'बिघाड'. आई म्हणाली होती, "नाव तरी जरा शुभ ठेवायचंत!"

मागच्या कार्यक्रमाला अकरा जण होते. त्यातले चार शेजारच्या दुकानातले, आवाज कमी करा सांगायला आलेले.

संगीत महोत्सवाला नवा तुकडा पाठवायची मुदत वीस तारीख. या वेळीही निवड नाही झाली तर बँड बंद. दोघांनी शपथ घेतलीय. मला बंद नाही करायचा. दुसरं काहीच येत नाही मला.

९ फेब्रुवारी, रविवार

वाट लावली! उसना रेकॉर्डर, चांगले माइक, दादा मुद्दाम सुट्टीचा आलेला — आणि मी आवाजाची पातळी बघितलीच नाही. पूर्ण वेळ लाल दिवा पेटलेला, आणि मी डोळे मिटून तल्लीन! सगळा आवाज फुटलाय. चाळीस मिनिटं नुसता चिरका कचरा.

शेवटी तो दिवा दिसताच दादाला म्हटलं, अजून एक आठवडा.

"अगं, तक्रारवहीत लिहायला हवं. चालवताना भीती वाटते आता."

"एकच आठवडा, दादा. तू सांभाळून चालवतोस की."

बराच वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला, "बरं. पुढचा रविवार. त्यापुढे एक दिवस नाही."

१३ फेब्रुवारी

दादाचा हात.

१५ फेब्रुवारी

उजव्या हाताची दोन बोटं. अंगठ्याशेजारचं आणि त्याच्या पुढचं.

पेडलवर पाय नव्हता. अडकलेला पत्रा काढायला हात घातला आणि ठोकळा आपोआप खाली आला. घसरत होता तो पूर्णच घसरला. एवढंच. सोमवारी मिस्त्री आला असता तर — नाही, लिहीत नाही. लिहून काय होणार आहे!

दवाखान्याच्या जिन्यात वहिनीने विचारलं, "रविवारी तू तिथेच होतीस ना? मशीन बिघडलेलं होतं का ग?"

मी म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं, वहिनी."

मला! मशीनचा खोकला ऐकून आजार ओळखणारी मी!

१६ फेब्रुवारी, रविवार

आज रेकॉर्डिंग करायचं होतं. कालच नवा क्लच बसला म्हणे. चार नंबर धडधाकट झालं.

१८ फेब्रुवारी

टकलूने नऊ तारखेची फुटलेली फाइल मागितली. नको म्हणाले, तरी घेतली. तासाभराने त्याचा फोन — "अगं वेडे, हाच तर आवाज आहे! फुटलाय म्हणूनच चांगलाय. पुन्हा कशाला करायचं होतं तुला?"

फोन ठेवला. बाथरूममध्ये नळ सोडून रडले. गरजच नव्हती. दुसऱ्या आठवड्याची गरजच नव्हती! पहिल्याच दिवशी काम झालं होतं आणि मी माझ्या शहाणपणापायी —

दादाला हे कधीच सांगू शकणार नाही.

२० फेब्रुवारी

तुकडा पाठवला. टकलूने नाही, मीच. कशी पाठवू शकले ते विचारू नकोस. मलाही ठाऊक नाही.

६ मार्च

निवड झाली. बावीस तारखेला, दुपारी तीन वाजता, मुख्य मंच. टकलू दुकानात रडला म्हणे, गिऱ्हाइकासमोर.

आजच दादाच्या अपघाताच्या चौकशीचा निकालही लागला. यंत्र ठीक होतं, तक्रारवहीत नोंद नाही, कामगाराचं लक्ष नव्हतं. भरपाई नाही, आणि कामावरही घेणार नाहीत. जबाबाखाली दादाची सही आहे म्हणे! वहिनी फणकारली, "गुंगीत असताना घेतली असणार सही. मेल्याचं तळपट होवो!" मीही मालकाला मनसोक्त शिव्या घातल्या. वहिनीपेक्षा मोठ्या आवाजात. लाज वाटली नाही मला?

दादा भिंतीकडे बघत होता. म्हणाला, "जाऊ द्या ना. झालं ते झालं." डाव्या हाताने शर्टाचं बटण लावत होता. लागेना. वहिनीने लावून दिलं.

११ मार्च

मशीन बिघडलेलं होतं याचा पुरावा जगात एकच आहे. माझ्याकडे. चाळीस मिनिटं, तारीख-वेळेसकट. ठोक्याठोक्याला क्लच घसरलेला ऐकू येतो.

आणि छत्तिसाव्या मिनिटाला मी ऐकू येते. "एकच आठवडा, दादा." माइक चालूच होते.

टकलूला सगळं सांगितलं. त्याने हेडफोन लावून छत्तिसावं मिनिट ऐकलं. मग म्हणाला, "तेवढं काप. तुझ्याइतकं सफाईने कोण कापतं?"

कापून बघितलं. एक मिनिट वीस सेकंद. जोड मलाही ओळखू येईना. सात वर्षांत एवढं सुंदर काम केलं नव्हतं. किळस आली स्वतःची.

१७ मार्च

तालीम. तुकडा वाजायला लागला. धाड — टटक. तो 'टटक' म्हणजे काय ते मला माहीत आहे. टकलूला म्हटलं, हा तुकडा नको वाजवूया. तो भडकला — "त्याच तुकड्यासाठी बोलावलंय आपल्याला! सात वर्षं झक मारली का मी?" पत्र्यावर हातोडी आपटून गेला. परत आला. सॉरी म्हणाला. मीही.

२२ मार्च

वाजवलं. भर उन्हात. दोन-तीन हजार माणसं असतील. पहिल्या मिनिटाला गोंधळली, त्या लंगड्या ठोक्यावर पाय कुठे टाकायचा कळेना. मग कुणाला तरी जमलं, आणि बघता बघता अख्खं मैदान लंगडत नाचायला लागलं. टकलू ओरडत होता, रडत होता. आमचं जे काही स्वप्न होतं ते हेच होतं. एक्झॅक्टली हेच.

मंचामागे जाऊन ओकले.

आयोजक पाठीवर थाप मारून म्हणाला, "तो ठोका कुठून आणलात हो? जीव आहे त्यात!"

२४ मार्च

कारखाना निरीक्षकांच्या कचेरीत गेले. दोन तास बाकावर बसवलं. दोन्ही फायली खिशात होत्या, कापलेली आणि अख्खी. अख्खी दिली. छत्तिसावं मिनिट कागदावर लिहूनही दिलं, नाही तर तिथवर ऐकणार कोण! कापलेली दिली असती तर वहिनीच्या हातचा चहा पुन्हा घशाखाली उतरला नसता.

मग घरी जाऊन वहिनीला सांगितलं. ती पोळपाट बाजूला ठेवून आत गेली आणि दार लावून घेतलं. दादा घरी नव्हता. बरं झालं. मला त्याच्यासमोर उभं राहणं जमलं नसतं.

आता मालकाला कळेल, सही कशी घ्यायची असते ते. आणि दादाला कळेल, त्याची बहीण कोण आहे ते.

३१ मार्च

निरीक्षकांनी बोलावलं. म्हणाले, "दोष होता हे मिस्त्रीने आम्हाला अपघाताच्याच दिवशी सांगितलं होतं. मालकही कबूल करायला तयार होता. पण खुद्द कामगारच नाही म्हणतो, तिथे आम्ही काय करणार?" आणि दादाच्या जबाबाचा कागद माझ्यासमोर सरकवला. मला वाटलं होतं, मालकाने टाइप करून आणलेला असेल. हाताने लिहिलेला आहे. डाव्या हाताने, वाकडातिकडा, तारीख चौदा फेब्रुवारी. तीन ओळी. यंत्र ठीक होतं. माझंच लक्ष नव्हतं. माझ्या बहिणीला काही विचारू नये.