चौदा नंबरचा बेड

४ मार्च, मंगळवार

आज ऑफिसात "सिस्टिम" आली. म्हणजे एक मुलगी आली. काडीसारखी, डोळ्यांवर भला मोठा चष्मा, पाठीवर दप्तर. नाव सांगितलं तिने, पण मी मनात चष्मिष ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत ते तोंडातून निघालंच! हसली. बरी आहे म्हणायची.

भाचा म्हणतो, "आत्या, आता सगळं डिजिटल. कुठला बेड कुणाच्या घरी, कधी परत येणार, टेम्पो कुठे – सगळं फोनवर दिसणार." म्हटलं, मला आत्ताही दिसतं. तारेवर.

गोदामाच्या भिंतीला दोन खिळ्यांत बांधलेली तार. प्रत्येक बेडचा एक कपड्यांचा चिमटा, त्यावर नंबर. बेड पेशंटच्या घरी गेला की चिमटा खिडकीकडे, परत आला की दाराकडे. झाली सिस्टिम! आमचे हे इथे खुर्च्या-टेबलं भाड्याने द्यायचे तेव्हाची तार. आता भाचा हॉस्पिटलचे बेड आणि व्हीलचेअर भाड्याने देतो आणि त्याला स्टार्टअप म्हणतो. स्टार्ट होऊन जमाना झाला. अजून अप कधी होणार, देव जाणे.

६ मार्च, गुरुवार

चष्मिष दिवसभर माझ्या पाठीमागे. "आत्या, हे का करता?" "आत्या, मग पुढे काय?" सुनांनी सासूला एवढं विचारलं असतं तर किती घरं टिकली असती.

भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवते. पिवळी म्हणजे काम, गुलाबी म्हणजे अडचण. जेवून येऊन बघते तर एका गुलाबी चिठ्ठीवर लिहिलंय – "आत्या".

"अडचण म्हणजे तुम्ही नाही हो! सगळं तुमच्यावरून जातं ना, म्हणून..." बरं सावरलंन. टेम्पोवाला हसून हसून गादीवर लोळला. "आत्या, तुम्ही गुलाबी!" मग स्वतःची चिठ्ठी शोधायला गेला. नव्हतीच.

रात्री ह्यांना सांगितलं. म्हणाले, "मी चाळीस वर्षं तेच म्हणत होतो. माझ्याकडे चिठ्ठ्या नव्हत्या." बोलायला दम लागतो, पण टोमणा सुटत नाही.

८ मार्च, शनिवार

मी फोन करत होते, ही कान देऊन बसलेली. बेड परत आला की मी त्या घरी लगेच फोन करत नाही. दहाएक दिवस जाऊ देते. मग करते. विचारायचं एवढंच – जेवलात का? पाय मोडलेला बरा झाला असेल तर हसतात. माणूस गेलं असेल तर म्हणतात "नाही". मग मी म्हणते, आधी उठा, ताट वाढा, जेवा, मग बोलू. बाकी शहाणपण शिकवत नाही. कुणी मला विचारलेलं नसतं.

"ह्याला आफ्टर-केअर म्हणतात, आत्या."

"मी त्याला जेवलात का म्हणते."

लिहून घेतलंन! पिवळ्या चिठ्ठीवर.

११ मार्च, मंगळवार

आज वाजलं आमचं. बेड परत आला की फोनवर कारण टाकायचं – बरे झाले, बेड बदलून हवा, आणि तिसरं सरळ "मृत्यू". म्हटलं, अगं, टेम्पोवाला कुणाच्या दारात उभा राहून ह्यावर बोट ठेवणार? घरचं कुणी बघत असेल तर?

"मग काय लिहू?"

"लिही, गरज संपली."

तिला फार आवडलं. भाच्याने तर टाळी दिली. मीही जरा फुगले, खोटं कशाला बोलू.

१५ मार्च, शनिवार

सगळ्या बेडना स्टिकर लागले. फोन धरला की बेडची कुंडली बाहेर. चौदा नंबर तेवढा राहिला. तो आमच्या घरी. ह्यांच्याखाली.

चष्मिष घरी आली स्टिकर लावायला. ह्यांनी हात जोडले. "या. जन्मभर भाड्याने दिलं, पहिल्यांदाच घेतोय काहीतरी." ही पोर लाजली.

मग फोनवर टकटक करत म्हणाली, "आत्या, परतीची तारीख?"

म्हटलं, ती जागा मोकळी ठेव.

"मोकळी राहत नाही. तारखेशिवाय पुढेच जात नाही."

"मग लिही – बघू."

"बघू घेत नाही."

डॉक्टरांनी तारखा देणं केव्हाच सोडलंय. घरी न्या म्हणाले, आवडेल ते खाऊ द्या म्हणाले. एवढ्या शिकलेल्या माणसाला जमत नाही आणि ह्या डबड्याला माझ्याकडून तारीख हवी! ताडकन उठले, स्वयंपाकघरात गेले. भांडी घासलेलीच होती, परत घासली.

बाहेर आले तर ह्यांनीच मिटवलेलं. "पंचवीस वर्षांनंतरची टाक," म्हणाले. "आत्या ओरडली तर मी आहे."

१७ मार्च, सोमवार

सिस्टिमने भाच्याला कळवलं – चौदा नंबर पंचवीस वर्षं अडकलेला आहे, नवा बेड विकत घ्या. आणि ह्या दिवट्याने ऑर्डर दिलीसुद्धा! वाचलंच नाही. मशीन म्हणालं ना, मग झालं. हे इतके हसले की खोकल्याची उबळ आली. मी त्यांची पाठ चोळत बसले.

शेवटी सगळ्यांसारखी एक महिन्याची तारीख पडली. टाकणारी मी नव्हे. मी तिकडे पाहिलंच नाही.

२४ मार्च, सोमवार

आज कहर! चाचणी चालू होती. चष्मिषने माझं "जेवलात का" सिस्टिममध्ये घातलेलं. बेड परत आला की दहा दिवसांनी आपोआप जायचं. ते गेलं – आजच, सगळ्यांना! तीन वर्षांपूर्वी वॉकर नेलेल्यांना, गादीवाल्याला, टेम्पोवाल्याला, भाच्याला. खाली माझं नाव. "जेवलात का? – आत्या." आणि उत्तरं माझ्या फोनवर. दिवसभर टिंग टिंग टिंग.

"हो, तुम्ही?" "कोण आत्या?" "आत्या, पगार वाढवा, मग जेवतो" – हा टेम्पोवाला. एका आजोबांनी मात्र पानभर लिहिलं. बायको गेल्यापासून हॉटेलात खातात, तिथलं पाणी खारट आहे, वगैरे. त्यांना फोन केला. अर्धा तास गेला.

चष्मिषला झापलं. माझ्या तोंडचा शब्द मशीनच्या तोंडी! पुन्हा गेलं तर फोन विहिरीत टाकीन. तिचे डोळे भरले, पण हटली नाही. "आत्या, चाळीसचे दोनशे बेड होणार आहेत. तुम्ही किती जणांना विचारणार? आणि ज्यांना नाही विचारलं, त्यांचं काय?"

पोर बरोबर बोलत होती. राग येतो तो ह्याचाच. म्हटलं, ठेव. पण "नाही" असं उत्तर आलं तर फोन मी करणार. मशीन नव्हे.

१ एप्रिल, मंगळवार

सिस्टिम चालू. भाच्याने भाषण केलं. तार काढली. चिमटे मी घरी आणले. धुतलेल्या कपड्यांना कामी येतील.

१६ एप्रिल, बुधवार

माझ्या फोनवर मेसेज – "बेड क्र. १४. आपली मुदत उद्या संपत आहे. मुदत वाढवण्यासाठी हो पाठवा."

ह्यांना वाचून दाखवला. म्हणाले, "बघतेस काय? पाठव की!"

हो पाठवलं. लगेच उत्तर – "आपली मुदत वाढली आहे. धन्यवाद." हे म्हणाले, "एवढं सोपं असतं हे माहीत नव्हतं. अजून दोन-चार पाठवून ठेव." मी पाठवले. सिस्टिमने चारदा आभार मानले. फार दिवसांनी एवढे हसलो दोघं.

२९ एप्रिल, मंगळवार

ऑफिसला गेले नाही. पाणीही चमच्याने.

३० एप्रिल, बुधवार

हे गेले. पहाटे.

२ मे, शुक्रवार

टेम्पोवाला बेड न्यायला आला. पायातली चप्पल काढून उभा राहिला, एरवी चपलेसकट घुसतो. फोन पुढे करेना. म्हटलं, आण इकडे, काम आहे ते. स्टिकर मीच स्कॅन केला. कारण विचारलं. गरज संपली – दाबलं.

माझाच शब्द. किती हुशारीचा वाटला होता! साफ खोटा आहे. त्या पोरीला सांगायला हवं.

बेड गेला. खोली केवढी मोठी आहे ही!

१२ मे, सोमवार

दुपारी फोन वाजला. "जेवलात का? – आत्या."

मागोमाग चष्मिषचा फोन. रडतच होती. "आत्या, तुमचा नंबर काढायचा राहून गेला हो..." म्हटलं, राहू दे. सगळ्यांना जातो, मला का नको?

ठेवला फोन. उत्तर लिहिलं – नाही. टिंग! माझ्याच फोनवर आलं. येणारच, उत्तरं माझ्याकडेच येतात.

आता नाही म्हटल्यावर आत्या काय करते, ते मला ठाऊक आहे. उठले. ताट वाढलं.