हिची मॅट

४ फेब्रुवारी, सकाळ
बायको बहिणीकडे जाऊन बसली, त्याला बरेच दिवस झाले. कारण काय, तर म्हणे माझं घरात कशाकडे लक्षच नसतं. माझं! आज कपाटामागे हिची योगा मॅट सापडली. म्हणजे परत येणार. कायमचं जाणारं माणूस मॅट मागे ठेवत नाही. संकल्प : मॅट लख्ख करायची. दारातूनच बघेल आणि विरघळेल.

५ फेब्रुवारी
मॅट उलगडली. ही एवढीशी, मॅट हातभर जास्तच लांब. उधळपट्टी. वर धुळीचा थर, पण हातापायांची एक खूण नाही. मागचं लेबलसुद्धा शाबूत. मग रोज पहाटे बाल्कनीत काय चालायचं? नुसतं ढोंग! असो. मोठ्या मनाने माफ केलं.

७ फेब्रुवारी
मुलीला फोन केला. म्हणाली, बाबा, कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, मऊ फडका, सावलीत वाळवा, बस्स. वर म्हणाली, आईला पण एक फोन करा. एका वेळी एकच काम. आणि दोन थेंबांनी काय होतंय? वाटीभर पावडर टाकली, कपड्यांचा ब्रश घेतला.

८ फेब्रुवारी
फेस संपता संपत नाही. पाणी खालच्या आजींच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेलं. तणतणत वर आल्या. म्हणाल्या, सूनबाई होती तेव्हा असं कधी झालं नाही. होती काय, होती? जिभेला काही हाड!

९ फेब्रुवारी
वॉशिंग मशीन. नाइलाज होता. एक कोपरा मशीनने खाल्ला.

१० फेब्रुवारी
कडक उन्हात टाकली. मुलीचं ते सावली वगैरे पुस्तकी. संध्याकाळी गुंडाळायला गेलो तर तडकली. कडांचा भुगा पडतोय. होईल हळूहळू मऊ.

१२ फेब्रुवारी
मेहुणीचा फोन. ही रविवारी येतेय! म्हटलं नव्हतं? टेम्पो घेऊन येणार म्हणे. एक बॅग नेली होती, ती परत आणायला टेम्पो? बहिणीने भरभरून आहेर केलेला दिसतोय.

रविवार
आली. टेम्पो रिकामाच आला होता. शिलाई मशीन गेलं, पुस्तकं गेली, आरसा गेला. मॅट मी हॉलच्या मधोमध अंथरली होती. तिला वळसा घालून ही ये-जा करत होती. शेवटी न राहवून म्हटलं, तुझी मॅट, स्वतः धुतली.

थांबली. म्हणाली, माझी जांभळी, ती मी त्याच दिवशी बॅगेत घालून नेली. ही तुमची. डॉक्टरांनी तुम्हाला व्यायाम सांगितला तेव्हा तुमच्या उंचीची शोधून आणली होती. वाटलं, शेजारी शेजारी करू. तुम्ही रोज म्हणायचात, उद्यापासून करतो. मग मी ती कपाटामागे टाकली.

भांडली असती तर बरं वाटलं असतं. किल्ली टेबलावर ठेवून गेली.

रविवार, संध्याकाळ
मॅटवर आडवा होऊन पाहिलं. डोक्यापासून टाचेपर्यंत बरोब्बर मापाची. पाठीला भुगा टोचतोय. जांभळी मॅट रोज पहाटे बाल्कनीत असायची, पण काही केल्या डोळ्यांसमोर येत नाही. घर खायला उठलंय.

उठून दोन हात वर करावेत म्हटलं. कंटाळा आला. उद्यापासून करतो, असं म्हणायलाही समोर कोणी नाही.