बाभळीचा डिंक

शिरवळ, सोमवार

प्रिय मित्र अतिशय,

काल तुझा फोन आला तेव्हा मी नुसता हं हं करत राहिलो. तुला वाटलं असेल, धन्या कामात आहे. कामात नव्हतो रे. चोराच्या मनात चांदणं, म्हणून बोलवेना. लिहिताना तरी थाप मारायची नाही, असं ठरवून बसलोय.

औंधहून सांगलीला कॉलेजला आलो तेव्हा तीन वर्षं तुमच्याच घरी जेवलो. मी मैदानावरून उशिरा आलो की काकू दारातच उभ्या. मी जेवल्याशिवाय त्या बसत नसत आणि जैनांच्या नेमानं दिवस बुडाल्यावर खात नसत. माझ्यापायी दोनदा उपाशी झोपल्या, आणि वर मलाच विचारलं की पोट भरलं का. तिसऱ्यांदा मी उशीर केला नाही.

म्हणूनच तुझे वडील, आप्पासोकाका, गेल्यावर त्यांची तसबीर आपल्या हातानं छापायची असं मी ठरवलं. माझी ती आठ अल्ट्राव्हायोलेट ट्यूबची लाकडी पेटी तू पाहिलीच आहेस. कागदावर काळ्या रंगाचा लेप द्यायचा, वर निगेटिव्ह ठेवायची आणि पेटी लावायची. उजेड लागेल तिथे लेप धरतो, बाकीचा पाण्यात निघून जातो. तू काकूंना घेऊन पेटी दाखवायला आला होतास. त्या निळ्या उजेडावर चिलटं येऊन मरतात हे त्यांनीच पहिल्यांदा पाहिलं. "जाळी बशीव रं धनाजी, जीव मरत्यात," म्हणाल्या. मी त्याच दिवशी बसवली. मग त्यांनी विचारलं, लेप कशाचा? मी म्हणालो, बाभळीच्या डिंकाचा.

तेव्हा ते खरं होतं. पण डिंकात काकांचा चेहरा उतरेना. नऊ वेळा छापलं, नऊही वेळा मिशीखालचं ते हसू धुऊन गेलं. दहाव्या खेपेला मी लेप बदलला आणि काका समोर येऊन बसावेत तसे आले. काकूंनी काचेवरून पदर फिरवला आणि पुन्हा विचारलं, "डिंकच न्हवं?" मी हो म्हणालो. रोज मंदिरात जाताना त्या तसबिरीला हात लावून जातात, हे तू कौतुकानं सांगतोस आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं.

अरे अतिशय, तो लेप जिलेटिनचा आहे. जनावरांच्या हाडाकातड्यांचा. मला माहीत होतं. चिलटांसाठी जाळी लावली आणि तिच्याआड हे केलं. आता तू म्हणतोस, पुण्यतिथीला ती तसबीर मंदिरात लावायची. लावू नकोस. घरच्या भिंतीवरूनही आजच उतरव. काकूंनी विचारलं तर धनाजी येऊन सांगेल, एवढंच म्हण. त्यांनी ते माझ्याच तोंडून ऐकायला हवं. डिंकावरची एक आणतोय. हसू तिच्यातही पुरतं आलेलं नाही. रविवारी दिवस मावळायच्या आत पोचतो. ताट वाढायचं की नाही, ते काकू ठरवतील.

म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी तुझाच,
धनाजी