मेन स्विच लावू नकोस

अरे,

घरात अंधार दिसेल, पण मेन स्विच लावू नकोस. तो मीच बंद केलाय. तुझा फोन लागत नाही, म्हणून ही चिठ्ठी दारालाच चिकटवतेय.

काल टीव्हीच्या सबवूफर स्पीकरची घरघर घालवायला तू त्याच्या प्लगची अर्थिंगची पिन कापलीस. आवाज गेला, पण आज छकुली रांगत त्याच्या मागे गेली आणि तिने त्याच्या पाठच्या पत्र्याला हात लावला. अर्थिंग नसल्याने त्यात करंट उतरला होता. मी भांडी घासत होते. धप्पकन आवाज झाला म्हणून धावले, तर ती ताठ होऊन पडली होती. आधी मेन स्विच पाडला, मग तिला उचललं.

शेजारच्या काकूंनी गाडीतून चौकातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. आताही त्याच तिच्यापाशी बसल्यात, मी कपडे न्यायला आलेय. तिच्या छातीला वायरी लावल्यात. बोटांची टोकं काळी पडलीत.

घरघर टीव्हीच्या केबलमुळे होती. ती केबल काढली की आवाज थांबायचा. मी काल तुला सांगायला आले, तर पक्कड हातातच ठेवून तू म्हणालास, “मला कळतं.”

तो सबवूफर तसाच राहू दे. वायरमन आल्याशिवाय कशालाच हात लावू नकोस, फ्रिजलाही नाही.

छकुलीने डोळे उघडलेत, पण अजून ती रडलेली नाही. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत.

मी तुला काही बोलणार नाही. तू फक्त ये. मला तिथे एकटीने बसवत नाही.