नखांची स्पर्धा

बाई,

मी सध्या ऑस्ट्रेलियात टूवूंबा नावाच्या गावी असतो आणि एका सरकारी हायस्कूलच्या टकशॉपमध्ये काम करतो. टकशॉप म्हणजे शाळेचं कँटीन. एवढ्या लांब जाऊन कँटीनच का, असं तुम्ही विचाराल. हल्ली आपल्याकडचा जो उठतो तो शिकायला इकडे येतो आहे. त्या लाटेत माझी बायको नर्सिंग शिकायला आली, आणि मी तिच्या व्हिसाला शेपटासारखा चिकटून आलो. ती युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत जाते, मी मुलांसाठी मीट पाय गरम करतो. तो मांस भरलेला, वाटीएवढा बंद पदार्थ असतो. मी शाकाहारी असल्यामुळे तो चिमट्याने उचलतो, आणि चिमटा सारखा धुतो. धुवायला कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही मला ओळखताच.

मला अजून डोळ्यांसमोर दिसतं, दहावीच्या परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस आहेत. तुम्ही ओट्याशी उभ्या राहून पोळ्या लाटताय आणि मी तुमच्या स्वयंपाकघरात फरशीवर बसून प्रमेय म्हणतोय. वर्गात ज्याला येत नाही त्याला घरी बोलवायचं, खाऊ घालायचं आणि मग झापायचं, हा तुमचा ठरलेला क्रम होता. खाणं झाल्यावर मी म्हणतो, "बाई, मी यंदा बसत नाही परीक्षेला. पुढच्या वर्षी बसतो. अभ्यास नीट झाला नाही." खरं म्हणजे वडिलांचा टेम्पो गॅरेजात पडून होता आणि घरात फीचं नाव काढायची सोय नव्हती, पण ते काही मी बोललो नाही. तुम्ही मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. "पुढच्या वर्षी काय शिंगं फुटणार आहेत का तुला?" एवढं म्हणालात आणि तव्यावरची पोळी उलटलीत.

मग एक दिवस वर्गात येऊन तुम्ही जाहीर केलंत की नखांची स्पर्धा आहे, ज्याची नखं सर्वांत चांगली त्याची परीक्षेची फी शाळा भरेल. आम्ही सगळ्यांनी बाकावर हात पालथे ठेवले. तुम्ही फूटपट्टी घेऊन रांगेतून फिरलात. पहिल्या बाकावर डॉक्टरांचा मुलगा होता, त्याची नखं साबुदाण्यासारखी चमकत होती. तुम्ही वाकून बघितलंत आणि म्हणालात, "ही फारच स्वच्छ आहेत. म्हणजे घरी काडीचं काम करत नाहीस. बाद." मग माझ्यापाशी थांबलात. माझ्या अंगठ्याला शाई लागलेली होती. "हा जिंकला," तुम्ही म्हणालात. वर एक नेलकटरही दिलंत, अजून वेगळं बक्षीस म्हणून. त्या दिवसापासून मी नखांना इतका जपतो की इथे मला कामावर घेताना टकशॉप चालवणाऱ्या बाईंनी आधी माझे हात पाहिले आणि मग बाकीचं काही विचारलंच नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होतो. शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. बोलता बोलता एकाने सांगितलं की तो तुमच्या हातून भांगाच्या स्पर्धेत पहिला आला होता. एक मुलगी म्हणाली, मी पुस्तकाला कव्हर घालण्याच्या. बँकेत लागलेला एक मोठा मुलगा उठला आणि गंभीरपणे म्हणाला, मी शिंक आवरण्याच्या. एका शोकसभेत एवढे विजेते आणि हरलेला एकही नाही, हे आमच्या हळूहळू लक्षात येत गेलं. मी हात खिशात घातले.

आता इथलं सांगतो. इथे शेजारच्या युनीने अशी सोय केली आहे की बारावीच्या मुलांनी पहिल्या वर्षाच्या एका विषयाची परीक्षा आताच द्यायची. पास झालं की पुढे तो विषय माफ, आणि त्या विषयाची भली मोठी फीसुद्धा माफ. पण ही परीक्षा द्यायलाच फी आहे. आमच्या टकशॉपमध्ये मधल्या सुट्टीत एक मुलगी पावांना लोणी लावायला येते, त्याबद्दल तिला जेवण मिळतं. तिला नर्स व्हायचंय. माझ्या बायकोची जुनी पुस्तकं मी तिला नेऊन देतो आणि ती सगळी वाचून परत आणते, न दुमडता. एक दिवस मी तिला विचारलं, तू ती परीक्षा देणार असशील ना? ती लोणी लावता लावता म्हणाली, "ती होय? काही खास नाही ती. पुढे बघू." बाई, माझ्या हातातली सुरी थांबली. शिंगं फुटण्याची वाट बघणारा आवाज मला कुठल्याही भाषेत ओळखू येतो.

पालकांच्या मंडळाकडे एका मुलाच्या फीपुरते पैसे होते, आणि ते कुणाला द्यायचे हे ठरवणं टकशॉप चालवणाऱ्या बाईंकडे होतं. त्या साठीच्या आहेत. घरी आम्ही त्यांना काकू म्हणतो. फी भरायची मुदत शुक्रवारी दुपारी संपणार होती. मी काकूंना त्या मुलीचं सांगितलं.

"मग तिला विचार ना, डार्ल," काकू म्हणाल्या. त्या सगळ्यांनाच डार्ल म्हणतात, गॅसवाल्यालासुद्धा.

"काय विचारू?"

"पैसे हवेत का, असं."

त्यांनी मला प्रार्थनेच्या रांगेत शर्ट काढून उभं राहायला सांगितलं असतं तरी मी इतका घाबरलो नसतो. "आमच्याकडे असं विचारत नाहीत," मी म्हणालो.

"मग काय करतात?"

"स्पर्धा ठेवतात."

काकूंना कल्पना भयंकर आवडली. त्यांना वाटलं, मुलांना हात धुवायची सवय लागावी म्हणून मी हे काढलंय. मी घरी बसून नियम लिहिले, प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग डिक्शनरीत बघितलं. बायकोने कागद ओढून वाचायला घेतला. "नियम चार, कृत्रिम नखे बाद. नियम नऊ, बक्षीस दुसऱ्यास देता येणार नाही. अरे, तू काय शाळेत निवडणूक घेतोयस का?"

"नीट असलेलं बरं."

"आणि ती मुलगी जिंकली नाही तर?"

"जिंकेल. परीक्षक काकू आहेत. मी त्यांना खूण करीन."

दुसऱ्या दिवशी मुलगी पाव घ्यायला पुढे झाली आणि मी पहिल्यांदा तिची नखं पाहिली. बाई, ती नखं खाते. अशी तशी नाही, मुळापर्यंत. माझं निम्मं आयुष्य नखं बघण्यात गेलं आणि नेमकी हिचीच बघायची राहिली होती. तोवर काकूंनी नियम लॅमिनेट करून सगळ्या शाळेत लावले होते, आणि मुख्याध्यापकांनी स्वतःहून परीक्षक व्हायचं कबूल केलं होतं. ते गुरुवारी भिंग घेऊन आले. इथल्या माणसांची ही एक अडचण आहे. स्पर्धा म्हटली की ती खरोखरच घेतात. मुलीने भागच घेतला नाही. जिंकला तो रग्बीच्या संघातला एक दांडगा मुलगा, ज्याच्या आईचं ब्यूटी पार्लर आहे. मुख्याध्यापकांनी त्याचा हात हातात घेऊन सगळ्यांना दाखवला आणि टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. घरी येऊन जेवलो नाही. बायको म्हणाली, आपण भरू या तिची फी. मी म्हटलं, ती घेणार नाही. "तू विचारलंस?" ती म्हणाली. मी भांडी घासायला उठलो.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत तो विजेता खिडकीशी आला. मागे रांग, रांगेत अर्धी शाळा.

"दोन सॉसेज रोल. आणि मेट, त्या बक्षिसाच्या बदल्यात चिप्स मिळतील का? मी ती परीक्षा देतच नाहीये. मला आहेत त्याच जड झाल्यात."

"नियम नऊ," मी म्हणालो.

त्याने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं आणि पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जाईल असा ओरडला, "ओय! तुला ती युनीची परीक्षा द्यायची होती ना? पैसे नाहीत म्हणाली होतीस. माझी घे, मला नकोय!"

बाई, मी मीट पाय ठेवतात त्या गरम कपाटाकडे वळलो आणि त्याचा काटा बघत राहिलो. कपाट बंद होतं. आता ती रडणार, सुरी टाकून जाणार, पुन्हा या टकशॉपची पायरी चढणार नाही, असं सगळं मी कपाटाच्या काचेत बघत होतो.

"खरंच?" ती म्हणाली. "ऑरराइट. टा."

टा म्हणजे इथलं थँक्यू, म्हणायला वेळ नसला की म्हणतात तसं. तिने पुढचा पाव घेतला. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आवरा रे, भूक लागलीये!" काकूंनी भिंतीवरचे नियम काढले, लॅमिनेट असल्यामुळे पेन उमटेना, तर कात्रीने नववा नियम कापून टाकला आणि मुलीला एप्रनसकट ऑफिसात पिटाळलं. मुदत संपायच्या आत फी भरली गेली. त्या मुलाला चिप्स मिळाल्या.

नंतर पुसापुशी करताना तिने मला विचारलं, "ती स्पर्धा माझ्यासाठी होती?"

"हो."

"पण मी नखं खाते."

"ते उशिरा कळलं."

ती इतकी हसली की तिला दुधाच्या क्रेटवर बसावं लागलं. "अरे, मग विचारायचं ना!"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाईट मला परीक्षा चुकत होती म्हणून वाटत होतं," ती म्हणाली आणि क्रेट उचलून घेऊन गेली.

ती पास झाली. मी आनंदात होतो, पण तिच्या त्या वाक्याशी मी बरेच दिवस भांडत होतो. तुम्ही मला भर वर्गात विचारलं असतंत तर? आपल्या गावात एखाद्याला उसनी साखर दिली तरी ती त्याच्या मुलाच्या लग्नात निघते. मी अभ्यास झाला नाही असंच म्हटलं असतं, आणि दहावी खरंच राहिली असती. म्हणजे तुमचंही बरोबर होतं. आता इथे काकूंनी खिडकीवर पाटी लावली आहे, फीची अडचण असेल तर सांगा. मुलं येतात आणि एका दमात म्हणतात, एक मीट पाय, एक चॉकलेट मिल्क आणि ती परीक्षेची फी. मी काकूंना हाक मारतो आणि स्वतः आत जाऊन पाव मोजतो.

काल जेवताना मी हे पाटीचं बायकोला सांगत होतो. ती म्हणाली, "किती छान मागतात रे ही पोरं. तुमच्या शाळेत कुणाला फी जमली नाही तर काय करायचे?" घरात आम्ही दोघंच होतो. रांग नव्हती, काही नव्हतं. मी घास खाली ठेवला. म्हटलं, सांगून टाकावं.

"माझी फी बक्षिसातून भरली होती," मी म्हणालो.

"माहितीये की. लग्नाआधीच सांगितलंयस. जिल्ह्यात पहिला आला होतास."

"तालुक्यात," मी म्हणालो.

बाई, एवढंच जमलं.