बिनपगारी

पूजा सिस्टर,

इन्चार्ज झालीस, आता अहोजाहो करू का? काल तू मालक डॉक्टरांना सांगत होतीस, मी दाराशीच होतो. "सर, पेशंटजवळ नातेवाईक असतातच, सलाईन तेच पाहतात. रात्री एकच सिस्टर ठेवू, पगार वाचतो." अन् दुसऱ्या सिस्टरला, गुलनाजला, घरी बसवलंस. शिसारी आली मला.

कोपऱ्यातल्या खाटेवरच्या मदीनाबीला कोणीच नातेवाईक न्हाई. रात्री तिच्या सलाईनच्या नळीत रक्त उलटं चढलं, तवा मीच धावलो. तुझ्या प्रेमापायी कॉलेज सोडून इथं बसून राहिलो, अन् तू म्हणतेस, "संतोष, आलाच हाईस तर म्हातारीकडं बघ."

म्हंजे तुझ्या बजेटात मीबी धरलेला हाय! थू!

उद्यापासून येणार न्हाई, म्हणून हे पत्र तोंडावर फेकणार होतो. पण मग मदीनाबीजवळ कोण बसंल?

तुझाच, फुकटचा,
संतोष