बंदरावरचं निळं स्वेटर

माय,
जयभीम.

कार्तिक सरत आला. रत्नागिरीत सकाळी जराकसाच गारवा असते. दुपारी बंदरावर बाया मासे वाळू घालतात, खलाशी जाळी शिवत बसतात. दवाखान्यातली ड्युटी सुटली का मी रोज तिकडं जाते. धर्मपालदादाची बोट बुडाली त्याले दोन वर्षं झाली. तो सापडला नाही, म्हणून पाठमोरं कोणी दिसलं का मले तोच वाटते.

आज त्याचं स्वेटर दिसलं, तू दिग्रसले विणलेलं. मी धावत गेली, खांद्याले हात लावला. त्याच बोटीवरचे म्हातारे इस्माईलचाचा वळले.

"हे तुमच्यापाशी कसं?"

"धर्मपालनं दिलंन. मला ताप होता. त्या दिवशी माझ्या जागी तो गेला, पोरी."

ते रडत स्वेटर काढू लागले. मले लय राग आला होता. तरी मी त्यांचं वरचं बटन लावून दिलं.

"राहू द्या चाचा, वारा सुटला हाये."

आजही तू फोनवर विचारशीन, "धर्मपाल दिसला काय वं?" मी "अजून नाही" म्हणीन. तू रोज त्याचं ताट वाढतं, अन् ते समोर असलं तरच जेवतं. म्हणून हे पत्र मी टाकणार नाही.

तुही,
दीपा